गोटा टायरची पूजा

आमच्या सुनेच्या सायकलला स्टँड नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं. एवढी महागाची सायकल आणि तिला घंटी नाही, कॅरियर नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही! सायकल पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी श्रुतीला म्हटलं, "अगं, फसवलं तुला. अर्धी सायकल दुकानातच राहिली!"

"आई, वजन कमी असावं म्हणून तशी असते."

वजन कमी करायला लोक सायकल चालवतात, हे मला माहीत होतं. सायकलचंच वजन कमी करतात, हे नव्हतं.

आम्ही पनवेलच्या खांदा कॉलनीत राहतो. आमचे हे म्हणजे जन्मभर गोवा रोडवर ट्रक चालवलेला माणूस. आता ट्रक नाही, एक जुना टेम्पो आहे. तो चालवत नाहीत, रोज सकाळी पुसतात. (त्या टेम्पोच्या बोनेटला जेवढी माया मिळते तेवढी मला लग्नाच्या दिवशीही मिळाली नव्हती.) रस्त्यावर कोण कसा मरतो ते ह्यांना तोंडपाठ! त्यामुळे सून चड्डी घालून त्याच रोडवर पळस्प्याच्या पुढे सायकल चालवते हे कळलं, तेव्हा ह्यांना फक्त पळस्प्याचा धक्का बसला. चड्डीचा धक्का मी एकटीने सोसला.

पण मी काही बोलले नाही. कारण श्रुती परत आली की ओट्याशी उभी राहून सगळं सांगते. कुठे धुकं होतं, कुठे मिसळ खाल्ली, कुठल्या चढावर कोण रडकुंडीला आलं. ते ऐकताना मी कुकरच्या शिट्ट्या विसरते. आमच्या घरात करपलेल्या डाळीमागे हे कारण आहे.

आणि मग ती पळस्प्याजवळ ओल्या रस्त्यावर घसरून पडली. गुडघा सोलला. त्यातून उठली, तर पुढे पंक्चर. ह्यांनी जेवताना हुकूम काढला.

"रविवारी तुमचा ग्रुप पेणला चाललाय ना? जा. पण पडलीस तर सायकल विकायची. पंक्चर झाला तरी विकायची. आणि सगळ्यांच्या मागं राहून एकटी आलीस, तरी विकायची! हायवेवर एकटी बाईमाणूस नको म्हंजे नको."

"बाबा, म्हणजे टायर पळणारापण हवा, पकडणारापण हवा आणि पंक्चर न होणारापण हवा?" आमचा मुलगा प्रथमेश म्हणाला.

"व्हय!"

"असा टायर असता तर तुम्ही तो ट्रकला नसता लावला?"

ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पापड मोडत बसला. श्रुतीने "ठीक आहे, बाबा" म्हटलं, पण मासे न खाता उठली. आमच्या घरात बोंबलाचं कालवण टाकून उठणं म्हणजे मामला गंभीर!

शनिवारी आम्ही चौघं नवीन पनवेलच्या सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिला टायर काढला. "हा सगळ्यात फास्ट." मी हात लावून बघितला. घावनासारखा पातळ!

"काच लागली तर?" प्रथमेशने विचारलं.

"काच लागू देऊ नका," दुकानदार शांतपणे म्हणाला.

दुसरा टायर त्याने दोन हातांनी काढला. जाडजूड, आत कसलं कसलं अस्तर. ह्यांचा चेहरा उजळला. "ह्याला बोलतात टायर!" श्रुतीने तो उचलला आणि खाली ठेवला. "बाबा, हा लावला तर मी ग्रुपबरोबर पोचेन, पण पुढच्या रविवारच्या!"

मग तिसरा. मऊ रबर, ओल्या रस्त्यावर चिकटून चालणारं, आणि त्याच्याखाली मधोमध चिवट विणीचा पट्टा. श्रुतीचे डोळे चमकले. ह्यांनी टायरवरून बोट फिरवलं आणि मागे सरकले.

"हा तर गोटा झालाय!"

"काका, नवीन आहे."

"नक्षी कुठाय? टक्कल पडलेला टायर नवीन म्हणून विकतो? ट्रकला असा टायर असता ना, तर पोलिसानं मला पनवेलच्या बाहेर पडू दिला नसता!"

"काका, सायकलच्या टायरला रस्त्यावर नक्षी लागत नाही. जेवढं रबर रस्त्याला टेकेल तेवढी पकड."

"मला पकड शिकवतो? कशेडी घाट उतरलोय मी, भर पावसात, मागं सिमेंट भरून!"

दुकानातली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. मी पदर सारखा करत दाराकडे सरकले. तेवढ्यात श्रुती म्हणाली, "आई सांगतील तो घेऊ."

मी? चार परक्या माणसांत मला कोणी मत विचारलं नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा! मी तिन्ही टायर अंगठ्याने दाबून बघितले, दुधी बघतात तसे, आणि तिसऱ्याकडे बोट केलं. (खरं सांगायचं तर तोच दुकानदाराच्या हातात होता आणि मला लवकर बाहेर पडायचं होतं.)

"काकी, शंभर टक्के बरोबर!" दुकानदार म्हणाला. "काच, खिळा, खडी, सहजासहजी काही आत जाणार नाही."

हे "गोटा, गोटा" पुटपुटत घरी आले. पण माझी कॉलर, म्हणजे पदर, ताठ झाला होता.

रविवारी पहाटे नवे टायर लावलेली सायकल पार्किंगमध्ये आली. आता पूजा नको? मी इतकी लाजाळू आहे, की रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायला धीर होत नाही म्हणून पुढच्या चौकात उतरून चालत परत आलेली आहे. पण नव्या चाकांची पूजा न करता गाडी रस्त्यावर? ते माझ्याने होणार नाही. ह्यांचंही तेच. ट्रकला नवा टायर लागला की त्याच्याजवळ नारळ फोडायचा आणि चाक त्याच्यावरून न्यायचं, ही ह्यांची जन्माची रीत.

पण स्टँड नाही! मग सायकल धरून कोण उभं राहणार? मी. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात हळदकुंकवाची वाटी, आणि सायकल अशी हलकी की मी श्वास घेतला तरी पुढे जाते. तळमजल्याच्या रिबेकामावशी चहाचा कप घेऊन गॅलरीत आल्या. वॉचमन खुर्ची वळवून बसला. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी चाकांना कुंकू लावलं. ह्यांनी नारळ उचलला, ट्रकचा अंदाज धरून, आणि आपटला. तुकडे पार टेम्पोखाली गेले, एक करवंटी तेवढी चाकापुढे राहिली!

श्रुतीने हेल्मेट घातलं. "झालं ना? निघते मी. सगळे पळस्प्याला थांबलेत."

आणि जन्मात न चढलेला माझा आवाज तेव्हा चढला. "थांब! चाक नारळावरून न्यायचं राहिलं!"

"आई, ते ट्रकचं..."

"रीत ती रीत! ट्रकला एक आणि सायकलला एक असं देवाकडे नसतं!"

बिचारी सायकलवर बसली. सासूचा मान ठेवायचा म्हणून करवंटीवरून हळूच चाक नेलं.

फट्! आणि मग बराच वेळ फुस्सऽऽऽ.

श्रुतीने वाकून बघितलं. चिवट पट्टा मधोमध होता तसाच होता. करवंटीचं टोक बाजूने घुसलं होतं, जिथे पट्टाच नव्हता. काच नाही, खिळा नाही, खडी नाही. गोवा रोड तर अजून दिसलाही नव्हता!

"पंक्चर," हे म्हणाले. आणि मग त्यांना स्वतःचीच अट आठवली.

"बाबा, आता विकायची?" श्रुतीचा आवाज इतका बारीक झाला होता, की मी हातातली कुंकवाची वाटी पदराआड लपवली. केलं कोणी? मी! सायकल विकणार कोणाची? तिची!

"शब्द म्हंजे शब्द..." ह्यांनी सुरुवात केली.

"थांबा हो," गॅलरीतून रिबेकामावशी म्हणाल्या. "आमच्या बेने इस्रायलींत मलिद्याच्या गोड पोह्यांना नारळ लागतो, पण खवलेला. त्याने आजवर कोणाचं पंक्चर झालं नाही. इथे फोडला कोणी?"

"मी."

"मग ज्याने पंक्चर केलं त्याने आपली गाडी विकावी!"

सगळ्यांनी टेम्पोकडे बघितलं. हे दोन ढांगांत टेम्पोपाशी पोचले आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, जसं काही लेकराला कोणी उचलून नेतंय!

"पार्किंग म्हंजे रस्ता नाय!" ते ओरडले. "अट रस्त्याची हाय! बघता काय? ट्यूब बदला, पोरीला उशीर होतोय!"

श्रुतीने तिथेच फरशीवर बसून जवळची ट्यूब घातली. प्रथमेशने हवा भरली. ह्यांनी करवंटीचा एकेक तुकडा वेचला. मी सायकल धरली. तेवढंच माझ्यावर सोपवण्यासारखं उरलं होतं.

दुपारी ती आली, ग्रुपच्या सगळ्यांबरोबर, चिखलाने माखलेली, न पडता, पंक्चर न होता. मी भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाले तर ती गेटवरूनच ओरडली, "आई, आधी हात दाखवा! नारळ नाही ना?" ह्यांनी चष्मा लावून दोन्ही टायर तपासले, काही सापडलं नाही म्हणून जरा खट्टू झाले, आणि म्हणाले, "गोटा बरा हाय."

आठवड्याने नवी ट्यूब आणायला मी श्रुतीबरोबर त्याच दुकानात गेले. ती आत, मी बाहेर खांबाआड. (नारळाची गोष्ट श्रुतीच्या ग्रुपमार्फत दुकानदारापर्यंत पोचली होती; तिथे तोंड दाखवायची सोय मी ठेवली नव्हती.) आत एक नव्या लग्नाची मुलगी तिसरा टायर हातात घेऊन उभी होती.

"रस्ता कसा आहे तुमचा?" दुकानदाराने तिला विचारलं.

"बरा आहे."

"पावसात चालवता?"

"हो."

मग त्याने आवाज खाली आणला. "घरात सासू आहे?"

"आहे की. का?"

"मग तो ठेवा. सगळ्यात जाड दाखवतो."

पुढे होऊन तिला सांगणार होते, की बाई, जाड घेऊनही उपयोग नाही, सासूने एकदा मनावर घेतलं की कुठलाच टायर टिकत नाही. पण काय करू, मी पडले लाजाळू!