स्ट्रेचरवर झोपणारे साहेब

साहेब आधी बूट काढायचे. मोजे बुटात कोंबायचे, चष्मा खिशात ठेवायचे आणि सरळ अँब्युलन्सच्या स्ट्रेचरवर आडवे व्हायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "मी पेशंट हाय, पावणं. मला काय कळत न्हाय. चला, घ्या आत."

गाड्या पास करणारे आरटीओचे इन्स्पेक्टर तुम्हीही बघितले असतील. टायरला लाथ, हॉर्नवर बोट, कागदावर सही, विषय संपला. आमचे हे साहेब मात्र प्रत्येक अँब्युलन्समध्ये स्वतः झोपून बघायचे. पट्टे बांधायला लावायचे, तपासणीच्या मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायचे, आणि स्पीड ब्रेकरवर डोकं आपटलं की आतून ओरडायचे, "मेलो की रं! पेशंट मारलास!"

मी शिवाजी पेठेतल्या एका तालमीची अँब्युलन्स चालवतो. पेठेतल्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेली गाडी, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचाच हक्क. तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच असली की बुटांची आणि जर्सीची पोती तिच्यातच जायची. संघ जिंकला की सायरनही वाजायचा. मीच वाजवायचो, खोटं कशाला बोलू?

पहिल्यांदा साहेब आमच्या गाडीत झोपले तेव्हा त्यांच्या पायाला पोतं लागलं. उघडून बघतात तर आत बावीस बूट. आमचे अध्यक्ष पुढं झाले. "साहेब, ही सेवा हाय, धंदा न्हाय. आमास्नी कशाला एवढं नियम?"

साहेब पुन्हा आडवे झाले आणि डोळे मिटूनच म्हणाले, "धंदेवाल्याचा पेशंट मरतो, आन सेवावाल्याचा काय झोपतो व्हय?"

मग त्यांनी मागचं दार आतून ओढून घेतलं आणि आतूनच उघडायला गेले. ते उघडेना. ते दार वर्षभर आतून उघडत नव्हतंच, आम्हाला सवय झाली होती. त्या दिवशी ते बाहेरूनही अडकलं. दहा मिनिटं साहेब आत उकडत होते आणि आम्ही बाहेर घामाघूम. शेवटी दार निघालं तेव्हा शर्ट पिळून काढावा इतके भिजलेले साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "बरं झालं माझ्यासंगं झालं." गाडी नापास केली, पण दाराची मूठ कुठं चांगली मिळते ते कागदावर लिहून दिलं.

एकदा मी धीर करून विचारलं, "साहेब, घरात कुणाचं काय झालं होतं का, म्हणून एवढं बघताय?" ते हसले. "कुणाचं काय न्हाय झालं बाबा. झोपल्याबिगर कळत न्हाय, एवढंच."

आता माझं पाप सांगतो.

आमच्या गाडीतला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीचा तालमीत जिन्याखाली पडला होता. पोत्यांना जागा हवी म्हणून काढला, तो परत गेलाच नाही, आणि पुढं त्याचा व्हॉल्व्हही बिघडला. शेजारच्या दोन पेठांच्या गाड्यांचीही तीच तऱ्हा. मग आम्ही तिघा ड्रायव्हरांनी एक अक्कल लढवली. कुठूनतरी भरलेला एक सिलिंडर आणायचा. पहिली गाडी पास झाली की तो मैदानाच्या मागच्या भिंतीवरून दुसरीला द्यायचा, ती झाली की तिसरीला. सिलिंडर एक, गाड्या तीन. आम्हाला आमच्या हुशारीचं भारी कौतुक वाटत होतं.

त्या दिवशी माझी गाडी पहिली होती. साहेब झोपले, पट्टे बांधून घेतले, सिलिंडरचा काटा बघितला, नळीला नाक लावून हवा येते का ते बघितलं. "आता गाडी गाडीसारखी झाली," म्हणाले आणि सही केली. माझ्या पाठीवर थापही मारली. पुढच्या पाच मिनिटांत मी सिलिंडर भिंतीपलीकडं दिला. तासाभरात तो दुसऱ्या गाडीतून तिसरीत पोचला. तिसरी गाडी बाहेर रस्त्यावर रांगेत होती. मी मात्र कागद घेऊन, चहा पीत, मैदानातच रेंगाळलो होतो.

तेवढ्यात टेम्पोंच्या रांगेत आरडाओरडा झाला. कसबा बावड्याचा एक म्हातारा लेकासोबत टेम्पो पास करायला आला होता. तो छाती धरून खाली बसला होता, ओठ काळे पडले होते. साहेब पळत गेले आणि तिथूनच मला हाक मारली, "आण रं गाडी! सकाळी पास केलीया ती आण!"

मी चहा तिथंच टाकला. गाडी नेली. साहेबांनी आणि लेकानं म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं. साहेबांनी मास्क त्याच्या तोंडावर धरला आणि दुसरा हात मागं सिलिंडरकडं नेला. तिथं नुसता पट्टा लोंबत होता.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "कुठं हाय?" एवढंच विचारलं.

मी पळालो. मैदान ओलांडून, फाटकातून, रांगेतल्या तिसऱ्या गाडीपर्यंत. सिलिंडर खांद्यावर घेऊन परत आलो तर तो उघडायची चावी नव्हती. ती दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या खिशात राहिली होती आणि तो वडा खायला गेला होता. पुन्हा पळापळ. म्हाताऱ्याचा लेक वडिलांचे तळवे चोळत नुसता म्हणत होता, "आबा, बघा की माझ्याकडं. आबा." शेवटी हवा सुरू झाली तेव्हा किती मिनिटं गेली होती ते साहेबांना माहीत होतं. त्यांनी घड्याळ बघून ठेवलं होतं.

मी गाडी अक्षरशः उडवली. साहेब मागं गुडघ्यावर बसून मास्क धरून होते. दवाखान्यात म्हाताऱ्याला आत नेलं, आणि लेकानं बाहेर येऊन माझ्यापुढं हात जोडले. "मामा, तुमी हुतासा म्हणून पोचलो."

साहेब पुढं झाले. "पावणं, गाडीत सिलिंडर नव्हता. तुमच्या वडिलांस्नी हवा उशिरा मिळाली. ती गाडी सकाळी मी पास केलीया."

आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. आपल्या वाटणीचं बोलून ते थांबले होते. आता माझी पाळी होती.

लेकानं साहेबांची कॉलर धरली. बटण तुटून फरशीवर उडालं. साहेबांनी हात खालीच ठेवले. मी दोन हात अंतरावर उभा होतो, हो, दोनच हात, आणि मी ते बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी म्हातारा गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं, लगेच ऑक्सिजन मिळाला असता तरी वाचले असते असं सांगता येत नाही. मला आजही सांगता येत नाही.

साहेबांनी मला कार्यालयात बोलावलं आणि कोरा कागद पुढं ठेवला. "माझं मी लिवलंय. तुझं तू लिही." अध्यक्षांनी आदल्या रात्री पढवलं होतं तसंच मी लिहिलं : सिलिंडर दुरुस्तीसाठी काढला होता, तपासणीच्या वेळी गाडीत नव्हता. बाकीच्या दोघांनीही आपापले सिलिंडर गाडीतच होते असं लिहून दिलं. म्हणजे सिलिंडर नसताना साहेबांनी सही ठोकली, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"खाली अजून जागा हाय बघ," ते म्हणाले.

"झालंय लिहून, साहेब."

त्यांनी मान हलवली आणि कागद फाईलला लावला. आधी ते निलंबित झाले, मग लांबच्या जिल्ह्यात बदली झाली. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. आज आमच्या गाडीत दोन भरलेले सिलिंडर असतात आणि रोज सकाळी मी काटा बघतो. नवे साहेब बाहेरूनच बघून सही करतात.

म्हाताऱ्याचा लेक आता वडिलांचा टेम्पो चालवतो. रस्त्यात दिसला की मला ओढून चहाला नेतो, पैसे देऊ देत नाही. पहिल्या घोटाबरोबर साहेबांना शिव्या घालतो. इतकी वर्षं मी त्या शिव्या ऐकत चहा पीत आलो. लाज वाटायची, पण प्यायचोच.

गेल्या महिन्यात साहेब वारल्याची बातमी आली. दोन दिवसांनी लक्ष्मीपुरीत टेम्पो उभा करून त्या लेकानं मला हाक मारली. चहा सांगितला आणि म्हणाला, "तो पास करणारा मेला म्हनं, मामा. बरं झालं. सुटला."

ज्या माणसासमोर मी खरं बोलायला हवं होतं, तो आता ऐकणार नव्हता. मी कप खाली ठेवला.

"बस जरा," मी म्हटलं. "सिलिंडर गाडीत हुता. साहेबांनी बघूनच सही केलती. मागनं मी काढून दिला."