महालिंगप्पाची रोपं

महालिंगप्पाचं नाव काढलं की आजही माझं तोंड कडू होतं. माणूस दिसायला गरीब, आवाज मऊ, कपाळावर रोज विभूतीचे पट्टे. उमरग्याजवळच्या एका खेड्यात त्याचं किराणा दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकापुढं हात जोडणारा हा गृहस्थ संध्याकाळी शिंदी ढोसून घरी यायचा आणि बायकोला, गंगम्माला, बडवायचा. शेवटी ती उमरग्याला माहेरी निघून गेली, ती वर्षभर परतली नाही.

एकसष्ट साली सिद्धेश्वर गुरुजींनी येरमाळ्याच्या माळावर असल्याच पुरुषांसाठी शिबिर काढलं. चार महिने दारू बंद. खड्डे खणायचे, झाडं लावायची, जगवायची आणि संध्याकाळी गोल बसून मन मोकळं करायचं. मातीत हात घातला की माणूस निवळतो, असं गुरुजींचं म्हणणं. गंगम्माच्या वडिलांनी, बसप्पांनी, जावयाला तिथं घातलं आणि पंचांना शब्द दिला की चार महिने शुद्धीत काढले तर पोरगी नांदायला पाठवीन. पोरीला कुणी विचारलं नाही.

मी तिथला हजेरीमास्तर. त्या गोलातलं रडणं मी रोज ऐकलं. अठरा बाप्ये, आणि प्रत्येकाला रडू यायचं ते स्वतःसाठीच. कुणाला आईनं माया दिली नव्हती, कुणाची बायको उलटून बोलायची. मारलं, हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. फार तर ‘हात उठला’ म्हणायचे, जणू हात शेजाऱ्याचा होता. शिसारी यायची. तरी मी वहीत ‘सुधारणा चांगली’ असं लिहीत राहिलो, कारण झाडं खरोखरच वाढत होती.

त्यात महालिंगप्पाची ओळ सगळ्यात सरस. पावसानं ओढ दिली की तो पहाटे उठून ओढ्यावरून घागरी आणायचा. पानावरची कीड बोटानं हळूच टिपायचा. बघणाऱ्याला वाटावं, केवढा हळवा माणूस.

शेवटच्या दिवशी बसप्पा शब्दाप्रमाणे लेकीला गाठोड्यासकट घेऊन आले. पंचही आले. गुरुजींनी नवऱ्याला ओवाळायला म्हणून तिच्या हातात ताट दिलं. पण महालिंगप्पाला आधी रोपं दाखवायची होती. आम्ही सगळे मागोमाग गेलो.

“ह्ये बघ,” तो एका कडुनिंबाशी थांबून म्हणाला, “ह्याची फांदी शेरडानं मोडली हुती. डाव्या अंगाची, खालून तिसरी. म्या कामट्या बांधल्या. लई जपलं, तवा सांधली बघ.” त्याचे डोळे भरून आले. गुरुजींचेही.

गंगम्मा त्या फांदीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “आन् माझा कोणता हात मोडला हुता तुमी?”

तो तिच्या दोन्ही हातांकडं बघू लागला. ताट धरल्यामुळं दोन्ही सारखेच वाकलेले.

“डावा,” तो म्हणाला.

तिनं ताट गुरुजींकडं दिलं आणि उजवा हात पुढं केला. कोपर सरळ होईना.

“तीन म्हैने भाकर थापता आली न्हाय मला,” ती म्हणाली.

एक पंच खाकरला. “जुनं कशाला उकरायचं बाई? माणूस सुधारला न्हवं आता?”

बसप्पांनी लेकीचं गाठोडं उचललं. “म्या शब्द मोडला म्हणा,” ते पंचांना म्हणाले. “चल गं.” बापलेक उन्हातनं मोटारस्टँडकडं चालू लागले.

महालिंगप्पा रोपाशेजारी मटकन बसला आणि हुंदके देऊ लागला. झालं! उरलेले सतरा बाप्ये त्याच्याभोवती गोळा. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी उपरण्यानं वारा घातला. त्या बाईला घोटभर पाणी हवं का, हे विचारायला कुणी रस्त्याकडं वळलं नाही. मीही नाही. महालिंगप्पाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याला म्हणत होतो, “रडू नको गड्या, रडू नको.”