विरजणासाठी धायरीपर्यंत

औषधांच्या लांबलचक कोर्सनंतर माझं पोट संपावर गेलं. डॉक्टर म्हणाले, "पोटातले चांगले जिवाणू गेलेत. घरचं दही, भाकरी, पालेभाज्या खा." घरचं दही! अकोल्याहून पुण्यात आयटीत आल्यापासून मी दही फक्त पिशवीतलं पाहिलं आहे. पण पुढच्या महिन्यात ऑफिस जर्मनीला पाठवणार होतं आणि या पोटावर विमानात बसायची छाती नव्हती. म्हणून धायरीच्या एका फार्महाउसवरच्या 'आतड्यांचं आरोग्य' कार्यशाळेत नाव घातलं.

जाणार असाल तर माझ्यासारखं खडकीहून सकाळी लवकर निघा, नाहीतर अर्धा रविवार सिंहगड रस्त्यावर जातो. फाट्यावर चहा झकास मिळतो असं ऐकलं, मी नुसता वास घेतला. कार्यशाळेची फी ऐकून पोटात नव्याने कळ आली.

कार्यशाळा घेणाऱ्या मॅडम लिननच्या झब्ब्यात होत्या. "गट इज युअर सेकंड ब्रेन, गाइज!" म्हणजे आतडं हा आपला दुसरा मेंदू. फी भरताना आमचा पहिला मेंदू कुठे होता, हे कुणी विचारलं नाही. मग मातीच्या वाडग्यात 'फर्मेंटेड राइस बोल' आला.

"अहो, हा कालचा भात ना?" एका काकांनी विचारलं.

"ओव्हरनाइट," मॅडमनी सुधारलं.

निघताना दोन बाटल्या मिळाल्या. एकीत बीट-गाजराची आंबवलेली कांजी, दुसरीत 'हेरिटेज कल्चर', म्हणजे चमचाभर विरजण. आंबताना गॅस होतो, झाकणं सैल ठेवा, असं बजावलं होतं. सांडेल म्हणून मी ती गच्च आवळली. वर ऊन, खाली खड्डे. घरी येऊन स्कूटरची डिकी उघडली तर कांजीची बाटली फुटलेली, तिच्या दणक्याने दुसरीही तडकलेली आणि विरजणात काचा. मला अक्षरशः रडू आलं.

शेवटी शेजारच्या जोशीकाकूंची बेल वाजवली. मी स्कूटर जिन्यासमोर लावते म्हणून त्यांनी वर्षभर अबोला धरला होता.

"काकू, चमचाभर विरजण मिळेल?"

त्यांनी माझे लालभडक हात पाहिले. "कुणाचा खून करून आलात?"

"कांजी सांडली."

"दिवेलागण झाली. आता विरजण देत नाहीत. सकाळी या. येण्याआधी स्कूटर हलवा."

सकाळी हलवली. वाटी मिळाली, सूचनांसकट: "दूध कोमट घ्या. रोज थोडं दही बाजूला काढा, म्हणजे पुन्हा मागायला नको."

पोट हळूहळू ताळ्यावर आलं. श्रेय दह्याचं, भाकरीचं की संपलेल्या गोळ्यांचं, देव जाणे. जर्मनीला मात्र मी मजेत जाऊन आले.

परतले तेव्हा फ्रिजमधलं विरजण खराब झालं होतं, आणि जाताना घाईत लावलेली स्कूटर जिन्यासमोरच होती. बॅग दारात टाकली, खाली जाऊन आधी स्कूटर हलवली आणि मग, दिवेलागणीच्या आत, काकूंची बेल वाजवली.