चाचांनी खोडलेली ओळ

चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये तापमान मोजणारे सेन्सर बनतात. त्यातल्या तारांभोवती पांढरी पूड भरताना ती कंत्राटी बायकांच्या नाकातोंडात जायची, तरी मालक धूळ ओढणारा पंखा बसवेना. म्हणून कामगार संघटनेतर्फे मी पत्रक लिहिलं. हे सेन्सर फ्युजन रिॲक्टरसाठी जातात असं कळलं, तशी वर एक जळजळीत ओळ टाकली: ‘कामगारांच्या हाती किरणोत्सर्गी तारा!’

छापण्याआधी पत्रक तिथल्या फोरमनना दाखवलं. त्यांना सगळे चाचा म्हणतात.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“रिॲक्टर म्हटल्यावर वेगळं सांगायला कशाला हवं?”

“अगं बेटा, इथं तार साधीच असते. मार बसतो तो तिकडं, रिॲक्टरात. न्यूट्रॉन आदळून आदळून तारेतल्या टंगस्टनचा थोडाथोडा भाग दुसराच धातू होतो. तार तुटत नाही, पण तापमान चुकीचं सांगते. तेही तुझ्यासारखं, ठासून!”

राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्या एका ओळीवर बोट ठेवून मालकाने अख्खं पत्रक खोटं ठरवलं असतं. चाचांनी ती खोडली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘मास्कही देत नाहीत.’

“हे छाप. हे मी रोज बघतो.”

महिन्याभरात पंखा बसला, मास्क आले. मालकाचे आभार मी मानणार नाही, तो बायकांचा हक्कच होता. चाचांचे मात्र मानते. नोकरी त्यांचीही तिथेच होती.