तापाचं खोटं निमित्त

जुन्नरच्या भर बाजारपेठेत आमच्या अँग्लिकन ख्रिस्ती मंडळीचं लहानसं दगडी देऊळ आहे. स्वराज्य आल्यावर गोरे मिशनरी गेले. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा येत आणि बाकीच्या रविवारी उपासना चालवायचं काम माझ्याकडे असे. मी शाळामास्तर. देवळाची किल्लीही माझ्याकडेच होती. त्या किल्लीचं मी काय केलं, ते आज सांगतो. सांगताना मान खाली जाते.

त्या पावसाळ्यात आमची दीड वर्षांची रूथ विषमज्वरानं गेली. पाळकसाहेबांना निरोप पोचेना, म्हणून दफनाच्या प्रार्थना मीच वाचल्या. आवाज जराही कापला नाही. पण घरी आल्यावर प्रार्थनेचं पुस्तक उघडवेना. पत्नी माहेरी गेली आणि मी एकटा उरलो. ज्यानं माझं ऐकलं नाही, त्याच्यापुढं लोकांना गुडघे टेकायला कोणत्या तोंडानं सांगू?

देवळासमोर इब्राहिमचाचांचं वह्या बांधायचं दुकान होतं. रविवारी पहाटे मी त्यांना म्हणालो, "चाचा, लोक आले तर सांगा, मास्तरांना ताप आलाय." आणि देऊळ उघडलंच नाही. दिवसभर कुकडी नदीच्या काठी बसून राहिलो. पुढच्या रविवारीही तेच केलं.

तिसऱ्या रविवारी पाऊस उघडला होता, पण मला घराबाहेर पडायचंही त्राण नव्हतं. माझी खोली देवळाला लागूनच होती. वाटलं, कुलूप पाहून लोक आपापल्या घरी जातील. थोड्या वेळानं प्रार्थनेचे शब्द कानावर आले, म्हणून खिडकी किलकिली केली. वीसेक माणसं देवळाच्या पायऱ्यांवर उन्हात बसली होती. चाचांनी त्यांना पिण्याच्या पाण्याची घागर आणून ठेवली होती. पुढं बोरी बुद्रुकची राहेलबाई उभी होती. सत्तरीची, अक्षरशत्रू बाई, पण सगळी उपासना तिला तोंडपाठ होती.

शेवटी ती स्वतःच्या शब्दांत बोलू लागली. "देवा, मास्तरचा ताप उतरव. उतरवायचा नसंल तर मला दे. माझं लई झालंय आता. त्याच्या घरातला एक दिवा तू आधीच नेलास, आता त्याला तरी ठेव."

माझ्या खोट्या तापासाठी ती म्हातारी स्वतःचा जीव देऊ करत होती.

किल्ली घेऊन बाहेर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मला ताप नव्हता. मी खोटं बोललो."

मागून एक शेतकरी म्हणाला, "आमी बोरीवनं चिखल तुडवत येतो, राव. इतकं तरी मनात आणायचं व्हतं." ते खरंच होतं.

राहेलबाईनं आपल्या ओच्यात बांधून आणलेला गवती चहा माझ्या हातात दिला. "ताप न्हाई म्हणतोस? आरशात बघ की जरा. दे ती किल्ली. आज तू बस, आमी म्हणतो."

मी शेवटच्या बाकावर बसलो. रूथ गेल्यापासून पहिल्यांदाच चारचौघांत रडलो. ते सगळे पापकबुली म्हणत होते आणि मला त्यातला एक शब्दही उच्चारता येत नव्हता.

नंतर चाचांची माफी मागायला गेलो, कारण त्यांच्या तोंडूनही मी खोटं वदवलं होतं. हातातली सुई न थांबवता ते म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मास्तर. तापानं कण्हणारा माणूस वेगळा आणि रडणारा वेगळा."

पुढं पाळकसाहेबांनाही सगळं सांगितलं. रूथ का गेली, ते मला आजही ठाऊक नाही, आणि त्या तीन रविवारांची लाजही गेलेली नाही. पण श्रद्धेचं ओझं मी एकटाच वाहतो आहे, हा माझा गर्व त्या पायऱ्यांवर उतरला. ज्या दिवसांत मला प्रार्थना करता येत नव्हती, त्या दिवसांत दुसरेच माझ्यासाठी देवापुढं उभे होते. प्रभूचे आभार मानायला माझ्याकडे एवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा वाचायला उभा राहिलो. स्तोत्राच्या मध्यावर शब्द थांबले. मी पुस्तक मिटलं. पुढची ओळ मागच्या बाकांवरून आली.