घट्ट झाकणाचा डबा

ज्या कागदावर देव छापला जातो, त्या कागदाला मरण नाही. आमच्या घरी असे अमर कागद लोखंडी कपाटावर एका पिशवीत होते. लग्नपत्रिका. प्रत्येकीवर गणपती, त्यामुळे रद्दीत देता येईनात आणि जाळायचं तर माझी आई नाव काढू देईना. काही जोडप्यांचे घटस्फोट होऊन गेले, पत्रिका मात्र सुखात नांदत होत्या.

मग बायको महिला मंडळात टाकाऊतून टिकाऊ करायला शिकून आली. तिने मैद्याची खळ शिजवली, पत्रिका कापल्या आणि स्वयंपाकघरातले सगळे पत्र्याचे डबे मढवले. पोह्यांवर सनई-चौघडा, साखरेवर सोनेरी वेलबुट्टी, रव्यावर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' सर्वांत मोठ्या डब्यावर सर्वांत मोठा गणपती, उठावाचा, मखमली सोंडेचा. मी थोडी थट्टा केली, पण डबे देखणे झाले होते. ते मंडळाच्या प्रदर्शनात मांडले जावेत अशी तिची फार इच्छा होती. इतकी वर्षं तिने तिथे इतरांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या.

निवड करायला मंडळाच्या अध्यक्षा घरोघर फिरणार होत्या. त्या आमच्याकडे यायच्या होत्या त्या सकाळी बायकोने डबे पुसून रांगेत लावले. मोठा डबा पाठमोरा होता. "आईंना एक वस्तू सरळ ठेवता येत नाही," असं पुटपुटत तिने गणपती समोर केला.

अध्यक्षा आल्या. मागे फोटो काढणारी एक सदस्या. परंपरा, पर्यावरण आणि गृहिणी या तिन्हींचा त्यांनी एका वाक्यात गौरव केला. मग मोठ्या डब्यासमोर थांबल्या, पाय जुळवले, डोळे मिटून हात जोडले.

"वहिनी, यात प्रसादाचं काही ठेवता का हो?" म्हणत त्यांनी झाकण उघडलं.

सुके बोंबील. काठोकाठ.

वास आधी आला की बोंबील आधी दिसले, मला आजही सांगता येणार नाही. झाकण अध्यक्षांच्या हातात तसंच राहिलं. फोटो काढणारीने सवयीने फोटो काढला. मी चहाचा ट्रे तसाच पुढे केला. बायकोचा चेहरा इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता.

"आई!" एवढंच ती म्हणाली.

आई दारात उभी होती. तीही हादरली होती, पण वेगळ्याच कारणाने.

"अगो, फिरवलान कोणी त्याला? मी भिंतीकडे तोंड करून ठेवलेला!"

"पण बोंबील त्यातच का?"

"पावसाळ्याची बेगमी ती. या हवेत बुरशी धरली असती. घट्ट झाकण त्या एकाच डब्याला. त्याला दिसायला नको म्हणून तर फिरवलेला."

"आणि वास?"

सोंडेचा विचार आईने केला नव्हता.

अध्यक्षा चहा न घेता गेल्या. बायको दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी फोनवर मंडळाचा निरोप आला: डबे निवडले आहेत, मोठा सोडून. तो घरीच शोभेल. तिने निरोप मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा शेवटचं वाक्य गाळलं.

बोंबील प्लास्टिकच्या बरणीत गेले. डबा टाकता येईना, गणपती सोलता येईना. तेव्हा आतून चिंच, सोडा आणि ऊन असे सगळे संस्कार करून तो आईच्या सल्ल्याने देवघरात ठेवला. त्यात आता उदबत्त्या असतात.

शेजारचं मांजर हल्ली आरतीला वेळेवर येतं.