पार्वतीची दाढ आणि मुंबईचं पत्र

"आ कर."

पार्वतीनं आ केला. म्हणजे, केला असं तिला वाटलं. दातांच्या फटीतून माझी करंगळीसुद्धा आत जाईना. उजवा गाल टम्म फुगलेला, सूज जबड्याखालून गळ्याकडे उतरलेली. थुंकी गिळता येईना, ती ओठांवरून ओघळत होती. वय फार तर वीस. उमरठहून पोलादपूरपर्यंत डोलीतून आणि पुढे महाडपर्यंत बैलगाडीतून तिला आणलं होतं. शेजारी सासू. सासूच्या मांडीवर पार्वतीचं चार महिन्यांचं पोर भुकेनं किंचाळत होतं. आईच्या पोटात तीन दिवस अन्न नाही, तर अंगावर दूध कुठून येणार?

माझं डोकंच फिरलं, कारण ही बाई माझ्याकडे तिसऱ्यांदा आली होती.

महाडात तेव्हा माझा दोन खाटांचा दवाखाना होता. दातांचा वेगळा डॉक्टर आसपास कुठंच नव्हता. विंचवापासून बाळंतपणापर्यंत सगळं माझ्याकडे, तसे दातही माझ्याकडेच.

पार्वतीची खालची अक्कलदाढ तिरकी उगवत होती. आता हे नीट ऐका. अक्कलदाढ आली म्हणून ती काढायचीच असं मुळीच नाही. सरळ आली, पुरती वर आली, घासता येते, दुखत नाही, तर तिच्या वाटेला जाऊ नये. पण तिरकी आली की पुढच्या दाढेला अडते आणि अर्धी हिरडीखालीच राहते. मग हिरडीचं एक झाकण तयार होतं. त्याखाली भाताचं शीत अडकतं, कुजतं, पू होतो, सूज येते. औषधानं सूज उतरते, महिन्याभरात परत येते. अशी दाढ काढलीच पाहिजे. मात्र ऐन सुजेत नाही. त्या वेळी ओढाताण केली तर पू आत पसरायचा धोका. आधी सूज उतरवायची, मग चिमटा लावायचा.

पहिल्या खेपेला मी हेच सांगितलं. मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या दिल्या, लवंगेचं तेल दिलं. "सूज उतरली की लगेच या, दाढ काढू."

आले नाहीत! कशाला येतील? दुखायचं थांबलं ना! आमच्याकडे दुखतं तेव्हा डॉक्टर देव, आणि थांबलं की डॉक्टर कोण?

महिन्यानं परत सुजलेला गाल घेऊन दारात हजर. मी सासूवर तुटूनच पडलो.

"मी सांगितलं होतं ना गो बाई? का नाय आलीस?"

"दाढ काडली की डोळ्याची शीर तुटते, असा म्हनतात. घरधन्याला इचारल्याशिवाय कसा काय करायचा? मुंबयला पत्र टाकलाय. त्या पत्राचा—"

पार्वतीचा नवरा मुंबईत गिरणीत होता. गावात बैल विकायचा असो की कोणाला जुलाब द्यायचा असो, मुंबईच्या पत्राशिवाय पान हलत नसे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पत्राचं मला एक अक्षर सांगू नकोस! गप बस. आठ दिवसांनी हिला घेऊन ये, बस्स."

ती गप बसली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. आणि आता ही अवस्था. सूज आणखी आत गेली असती, तर पोरगी घुसमटून संध्याकाळपर्यंत संपली असती.

गळ्यावर बाहेरून चीर देऊन पू काढणं एवढाच मार्ग होता. तोंड उघडत नाही, घसा सुजलेला, अशा रोग्याला क्लोरोफॉर्म द्यायची माझी छाती झाली नाही. म्हणजे जागेपणीच कापायचं. चाकू उकळत ठेवला आणि सासूकडे वळून ओरडलो, "आता काय? मुंबईचं पत्र येईपर्यंत मरू देऊ हिला?"

म्हातारीनं कनवटीला हात घातला. घामानं मऊ पडलेलं एक कार्ड काढून माझ्यापुढं धरलं.

"पत्र आलाय. वाचनारा मास्तर सुट्टीला त्याच्या घरी गेलाय. गावात दुसरा कोन वाचनार?"

मी वाचलं. चारच ओळी. "डॉक्टर म्हणतील त्या दिवशी दाढ काढून घ्यावी. डोळ्याचं खूळ मनात आणू नये. पार्वतीला जपावं. माझ्या दुसऱ्या पत्राची वाट पाहू नये."

मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारीनं पोर बाहेर गाडीवानाकडे दिलं, पदर खोचला आणि सुनेचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. मी चीर दिली. पार्वतीचे डोळे वाहत होते. वाटीभर घाण पू निघाला. दोन दिवसांनी ती पेज प्यायली. पोराला तोवर शेळीचं दूध पाजलं. पंधरा दिवस तिला मी घरी जाऊच दिलं नाही, आणि सूज उतरल्यावर ती नतद्रष्ट दाढ उपटून काढली. म्हातारीनं ताबडतोब सुनेच्या डोळ्यांपुढं बोटं नाचवली.

"किती गो?"

"तीन," पार्वती म्हणाली.

जाताना मला राहवलं नाही. म्हटलं, "पत्र कधी आलं होतं?"

"मागल्या खेपेला आले ना तुमच्याकडं, त्याच्या आदल्या दिवशी."

"मग त्या दिवशी कुठं होतं?"

"हितंच. कनवटीला." म्हातारी शांतपणे म्हणाली. "तुमच्याकडनंच वाचून घ्यायचा व्हता. तुमी गप बस म्हनलात, मी गप बसले."

गावाला, मास्तरला, म्हातारीला पंधरा दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होतो. त्या सगळ्या गिळल्या. पार्वतीच्या गळ्यावरचा तो बोटभर व्रण माझ्या चाकूचा नव्हे, माझ्या जिभेचा आहे.

पुढं कित्येक तिरक्या दाढा काढल्या. रागही काही सुटला नाही. पण "आ कर" म्हणण्याआधी रोग्याबरोबरच्या माणसाला मी विचारू लागलो, "मुंबईचं काही वाचायचंय का?"